निवृत्तीनंतर काय उरते? कोबी ब्रायंटचा वारसा आणि भिलाईचे मैदान

रायपूर – १४ एप्रिल २०१६ हा गुरुवार डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या सुट्टीचा होता. भारतात सकाळचे आठ वाजत असताना लॉस एंजेलिसमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि तेथील स्टेपल्स सेंटरमध्ये कोबी ब्रायंट कारकिर्दीतील अखेरचा सामना खेळण्यास उतरत होता. युटा जॅझविरुद्धच्या या सामन्यात त्याने ६० गुण मिळवले आणि लॉस एंजेलिस लेकर्सने १०१–९६ असा विजय संपादन केला. या सामन्याला दहा वर्षे लोटली तरी बास्केटबॉलप्रेमींमधील चर्चा थांबलेली नाही. महान खेळाडूचा वारसा नेमका कशात मोजावा, हा त्या चर्चेचा गाभा आहे.

अखेरच्या सामन्याचे दोन अर्थ

ब्रायंटने नोव्हेंबर २०१५ मध्येच निवृत्तीचा निर्णय जाहीर केला होता. त्यामुळे उरलेला संपूर्ण मोसम चाहत्यांसाठी दीर्घ निरोपसमारंभ ठरला. मात्र त्याच मोसमात लेकर्सला ८२ पैकी केवळ १७ सामने जिंकता आले. ही त्या संघाच्या इतिहासातील सर्वांत निराशाजनक कामगिरी होती.

अखेरच्या सामन्यातही ६० गुणांसाठी ब्रायंटने ५० वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू फेकला. त्यांपैकी २२ प्रयत्न यशस्वी झाले. समर्थकांच्या दृष्टीने थकलेल्या शरीरावर इच्छाशक्तीने मिळवलेला हा विजय होता, तर टीकाकारांना त्यात सहकाऱ्यांना चेंडू न देण्याची जुनी सवय दिसली. हे दोन्ही अर्थ एकाच आकड्यातून निघतात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

विक्रमांची मर्यादा

एकाच संघातर्फे सलग २० मोसम, पाच विजेतेपदे, ३३,६४३ गुण आणि जानेवारी २००६ मध्ये टोरांटोविरुद्ध एकाच सामन्यात ८१ गुण, अशी ब्रायंटची कामगिरी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये लेकर्सने त्याचे ८ आणि २४ हे दोन्ही क्रमांक निवृत्त केले. तथापि, विक्रम कायमचे नसतात. सर्वाधिक गुणांच्या यादीतील ब्रायंटचे तिसरे स्थान लेब्रॉन जेम्सने २५ जानेवारी २०२० रोजी मिळवले. दुसऱ्याच दिवशी हेलिकॉप्टर अपघातात ब्रायंट, त्याची तेरा वर्षांची कन्या जियाना आणि अन्य सात जणांचा मृत्यू झाला. भारतात ती प्रजासत्ताक दिनाची रात्र होती.

वारशाचा विचार करताना २००३ मधील कोलोरॅडोच्या प्रकरणाकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्याच्यावर बलात्काराचा आरोप ठेवण्यात आला होता. तक्रारदार तरुणीने साक्ष देण्यास नकार दिल्यानंतर २००४ मध्ये फौजदारी खटला मागे घेण्यात आला. ब्रायंटने जाहीर क्षमायाचना केली आणि दिवाणी दावा पुढे न्यायालयाबाहेर मिटला. आदर आणि अस्वस्थता या दोन्ही भावना अनेक चाहत्यांच्या मनात एकत्र नांदतात त्या यामुळेच.

दुसरा डाव मुलींच्या संघासोबत

निवृत्तीनंतर ब्रायंट आपल्या कन्येच्या संघाचा प्रशिक्षक झाला. अपघाताच्या दिवशीही तो मुलींच्या सामन्यासाठीच निघाला होता. मुलींच्या बास्केटबॉलला त्याच्या नावामुळे मिळालेली प्रतिष्ठा हा वारशाचा असा भाग आहे, की जो गुणतालिकेत मावत नाही.

हा भाग समजून घेण्यासाठी छत्तीसगडच्या रहिवाशांना फार दूर पाहण्याचे कारण नाही. नागपूरहून हावडा मार्गाने येणाऱ्या गाडीला रायपूरच्या आधी दुर्ग आणि भिलाई ही स्थानके लागतात. रायपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवरील भिलाई हे पोलादाच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध असले, तरी बास्केटबॉलच्या जगात त्याची ओळख मुलींच्या संघांमुळे आहे आणि ती घडवण्यात प्रशिक्षक राजेश पटेल यांचा वाटा मोठा होता.

पटेल यांनी अनेक वर्षे भिलाईत मुलींना प्रशिक्षण दिले. बाहेरगावच्या खेळाडूंच्या राहण्या-जेवण्याची सोय त्यांच्या स्वतःच्या घरी होत असे. सीमा सिंग, अंजू लाक्रा, भारती नेताम यांसारख्या खेळाडू छत्तीसगडच्या संघातून पुढे आल्या. सुमारे सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी तर या खेळासाठी कानपूरहून भिलाईत आली होती.

येथे निवृत्ती वेगळी असते

भारतातील महिला बास्केटबॉलपटूच्या निवृत्तीला स्टेपल्स सेंटरसारखा झगमगाट नसतो. खेळाडूंसाठी राखीव जागेतून मिळणारी रेल्वेची नोकरी हे अनेकींचे पहिले ध्येय असते. चांगल्या खेळाडू रेल्वेकडे जातात, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा संघ बलाढ्य ठरतो आणि राज्याच्या प्रशिक्षकाला पुन्हा नव्या मुलींपासून सुरुवात करावी लागते. मात्र ज्या घरात मुलीच्या खेळण्याला विरोध असतो, तेथे शेजारच्या मुलीला मिळालेली नोकरी हाच सर्वांत प्रभावी युक्तिवाद ठरतो. एका खेळाडूची कारकीर्द संपते तेव्हा तिच्यामुळे मैदानावर आलेल्या मुली हाच तिचा वारसा असतो.

मे २०१८ मध्ये राजेश पटेल यांचे निधन झाले. एका व्यक्तीच्या घराच्या आणि वेळेच्या आधारावर उभे राहिलेले काम त्या व्यक्तीच्या पश्चात संस्थेने चालवणे किती अवघड असते, हा प्रश्न त्यातून पुढे आला. प्रशिक्षक, वसतिगृह आणि नोकरी यांपैकी एक दुवा तुटला तरी वर्षानुवर्षांची परंपरा खंडित होऊ शकते.

ब्रायंटच्या अखेरच्या सामन्यातील प्रत्येक फेक चित्रफितीच्या रूपाने जतन झाली आहे. ती पुन्हा पाहावी, तिच्यावर वादही घालावा. मात्र आपल्या राज्याच्या संघातील किती निवृत्त खेळाडूंची नावे सांगता येतात, हेही चाहत्यांनी स्वतःला विचारून पाहावे. खेळाडूची आठवण ठेवणारे कोणी नसेल, तर तिच्या पाठोपाठ येणाऱ्या मुलीला वाट दाखवणारेही कोणी उरत नाही.