पाच फुटांचं सुख

साठी उलटल्यावर माणसानं घरात तीन गोष्टी नव्यानं आणू नयेत, असं माझे वडील म्हणत : कुत्रा, हार्मोनियम आणि वैर. या यादीत मी चौथी भर घातली. बाथटब!

खोताच्या वाडीतल्या एका जुन्या लाकडी घराच्या पहिल्या मजल्यावर आम्ही राहतो. आजोबांनी ही जागा पागडीनं घेतली, वडिलांनी ती राखली आणि मी ती सजवायला गेलो. ज्यांनी वाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. खोत म्हणजे सरकारसाठी शेतसारा वसूल करणारा. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या मालकीची ही जमीन. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले गेले आणि गिरगावच्या पोटात एक कोकणी गाव वसलं. बाहेरून चढणारे जिने, पुढं ओसरी, नक्षीचे कठडे, वर कौलं. आता त्यातली निम्म्याहून अधिक घरं गेली आणि त्या जागी इमारती आल्या. उरलेल्यांचे फोटो काढायला रविवारी कॉलेजची मुलं येतात. आम्ही कठड्यावर टॉवेल वाळत घातला असेल तर तो काढायची विनंती करतात.

अशा घरात न्हाणीघर नसतं, मोरी असते. आमची मोरी चार फूट बाय सहा. खाली खडबडीत दगडी फरशी, एका कोपऱ्यात धुण्याचा दगड, दुसऱ्या कोपऱ्यात तांब्याचा बंब. लहानपणी पहाटे नळ आला की आई पिंप, कळशा, तपेली अशा क्रमानं भरून घेई. बंबात ढलप्या घातल्या की त्या धुराच्या वासानं आम्हाला जाग येई. आंघोळ म्हणजे पाटावर मांडी घालून दोन बादल्या. तिसरी बादली मागणाऱ्याला 'तू काय राजाचा?' असं विचारलं जाई.

तो राजा माझ्या मनात बहुधा तेव्हापासूनच दबा धरून बसला होता. १९८७ साली बँकेच्या तपासणीसाठी मी कलकत्त्याला गेलो. तिथल्या एका जुन्या हॉटेलात लोखंडी बाथटब होता. पांढरा, लांबलचक, पंजांच्या पायांवर उभा. दिवसभर दुसऱ्यांच्या खातेवह्यांतल्या चुका शोधून मी रात्री त्यात आडवा झालो. पाणी कानांपर्यंत आलं आणि गिरगावचा सगळा आवाज थांबला. पुढं माझ्या दोन कादंबऱ्यांतली माणसं बाथटबात पडून विचार करतात, याचं मूळ त्या रात्रीत आहे. समीक्षकांनी त्यात पाश्चात्त्य प्रभाव शोधला. प्रभाव फक्त गरम पाण्याचा होता.

निवृत्त झालो, थोडे पैसे हाताशी होते, मोरीची फरशी उखडली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये काम काढलं. ही म्हणाली, "अहो, फरशी तेवढी बदलू या. धरायला एक दांडा लावू. माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत." मी तिला टबाचं चित्र दाखवलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात बसायचं कसं?" "बसायचं नसतं, पडायचं असतं," मी म्हणालो. एवढीच काय ती चर्चा. पस्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या माणसानं घरच्या प्रस्तावावर एवढ्यावर सही केली.

टब पाच फुटी, ॲक्रिलिकचा. यापेक्षा मोठा मावतच नव्हता. जिना अरुंद, म्हणून दोरानं बांधून तो कठड्यावरून वर घेतला. खाली वाडी जमली होती. आमच्या खाली राहणाऱ्या आंटींनी क्रॉस केला. प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. देशातल्या कितीतरी शहरांचे नळ त्या एका जिल्ह्यातली माणसं जोडतात. त्यानं टब पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाला, "साब, बिठा तो दूँगा. आप बैठोगे?" तो प्रश्न किती नेमका होता, हे मला पहिल्या रविवारी कळलं.

माझी उंची पाच फूट नऊ इंच. बाहेरून पाच फूट असलेला टब तळाशी जेमतेम साडेतीन फूट भरतो. खांदे पाण्यात घ्यावेत तर गुडघे बाहेर येतात. गुडघे बुडवावेत तर छाती उघडी पडते आणि पंख्याचा वारा लागतो. मानेखाली कड रुतते. पाठीचा उतार असा, की माणूस हळूहळू घसरत नळाकडं जातो आणि दर दोन मिनिटांनी टाचा रोवून त्याला परत वर यावं लागतं. कलकत्त्याला मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि तो टब सहा फुटी होता. या दोन्ही नोंदी मी सोयीस्करपणे गाळल्या होत्या.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अलेक्झांडर किरा नावाचे वास्तुशास्त्राचे प्राध्यापक होते. माणसं प्रत्यक्षात कशी बसतात, वाकतात, साबण कुठं लावतात, कुठं घसरतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास करून त्यांनी १९६६ साली 'द बाथरूम' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या विचाराचं सार असं, की न्हाणीघरातली उपकरणं माणसाच्या शरीराकडं पाहून बनवलेली नसतात. पुस्तक मी आधी वाचायला हवं होतं. पण आपण कादंबरीकार मंडळी आधी टब घेतो आणि मग वाचन करतो.

मग हिशेब. टब भरायला १८० लिटर पाणी लागतं. म्हणजे आमच्या बादलीनं बारा बादल्या. आर्किमिडीजच्या कृपेनं माझं शरीर त्यातली चारेक बादल्यांची जागा अडवतं, तरी आठ उरतातच. नळाचं पाणी सुसह्य गरम व्हायला त्यातला निम्मा भाग कढत हवा, म्हणजे साठ लिटर. आमचा गिझर पंचवीस लिटरचा. तो तीनदा तापवायचा, दर खेपेला अर्धा तास. तिसरं पाणी येईतो पहिलं निवतं. शिवाय पाणी, टब आणि मी मिळून वजन सव्वादोन क्विंटल. त्याखाली विटांचा ओटा, ओट्याखाली शंभर वर्षांच्या सागवानी तुळया आणि तुळयांखाली आंटींची चूल. 'वर पाण्याचा आवाज आला की मी स्वयंपाक सोडून ओसरीवर येते,' असं त्यांनी हिला सांगितलं होतं. मला नव्हे.

आणि पाणी तरी कुणाचं? आमच्या आसपासची नावं पाहा : सी. पी. टँक, धोबी तलाव, गोवालिया टँक. मुंबईची तहान भागवणारे हे तलाव कधीच बुजले. टॅक्सीवाल्याला सांगायला नावं उरली. १८६० साली विहारचं पाणी नळानं शहरात आलं. पुढं तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा असं करत आपण शंभर किलोमीटर लांब पोचलो. आज मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून येतं. शहापूर तालुक्यातल्या ज्या गावांच्या शिवेवरून हे पाणी निघतं, तिथल्या कित्येक पाड्यांवर मे महिन्यात टँकर जातो. तेच पाणी मी गुडघे वर काढून अंगाखाली घेऊन पडलो होतो. जपानी माणूसही टबात उतरतो, पण आधी बाहेर स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुऊन. मग त्याच पाण्यात सगळं घर एकामागून एक शेकून निघतं. आपल्याला मात्र वाहत्या पाण्याची सवय. स्वतःच्याच मळात बसून स्वच्छ कसं व्हायचं, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

चार रविवारांनंतर मी टबात पडणं सोडलं. पण कुणी पाहुणा आला की दार उघडून टब दाखवायचो. अमेरिकन पत्रकार एच. एल. मेंकेन यानं २८ डिसेंबर १९१७ रोजी बाथटबाचा एक इतिहास छापला. पहिला टब सिनसिनाटीत १८४२ साली आला, डॉक्टरांनी त्याला विरोध केला, अध्यक्ष फिलमोर यांनी तो व्हाइट हाउसमध्ये बसवला, वगैरे. सगळी थाप! १९२६ साली त्यानं स्वतःच तसं जाहीर केलं, तरी लोक ती हकीकत खरी मानून पुढं सांगत राहिले. माझंही तसंच झालं. 'टबात पडलं की कादंबरी सुचते' ही थाप मी इतक्यांना सांगितली, की ती मागं घ्यायची सोय राहिली नाही.

जून २०२४ मध्ये तलाव आटले आणि शहरात दहा टक्के पाणीकपात आली. टबाला प्रथमच काम मिळालं : आम्ही त्यात पाणी साठवू लागलो. मी खूश! गुंतवणूक वसूल होत होती. पंधरा दिवसांनी डासांच्या अळ्या तपासणारा कर्मचारी बॅटरी घेऊन आला. त्यानं टबात झोत टाकला आणि मला बोलावून दाखवलं. अळ्या छान पोहत होत्या. आमच्याएवढ्या मोकळेपणानं त्या टबात दुसरं कुणी पोहलं नसेल असं म्हणणार होतो. पण खरं म्हणजे आम्ही पोहलोच नव्हतो. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल लिहिला, त्यात घरोघरच्या विहिरींवर ठपका होता. त्यानंतर शहरातल्या कितीतरी विहिरी बुजल्या, झाकल्या गेल्या. शंभर वर्षांनी मी पहिल्या मजल्यावर एक नवी विहीर खणली होती. टब त्या दिवशी रिकामा झाला.

एव्हाना तो काढून टाकायला काय हरकत होती? कर्जविभागात असताना आजारी कारखान्यांच्या मालकांना मी हेच सांगत असे : आजवर घातलेले पैसे विसरा, उद्याचं बोला. घातलेल्या पैशांपायी आणखी पैसे घालणं म्हणजे प्रेताला शर्ट शिवणं. ते मालक माझ्याकडं कोणत्या नजरेनं पाहत, ते आता मला कळतं. टब काढणं म्हणजे 'चुकलो' असं म्हणणं. तेही बारा बादल्यांच्या आवाजात, सगळ्या वाडीसमोर!

सप्टेंबरात, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, मी कठड्यापाशी पेपर वाचत बसलो होतो. आतून काही पडल्याचा आवाज आला. तांब्या असेल म्हणून मी पान उलटलं. थोड्या वेळानं आंटी जिना चढून, माझ्याकडं न पाहता, थेट आत गेल्या. ही टबात पडली होती. उजवं मनगट मोडलं होतं. तिनं हाक मारली होती ती मला नव्हे. नळावर तांब्या आपटून तिनं खालच्या आंटींना बोलावलं होतं.

मग एकेक कळत गेलं. टब बसल्यापासून, सात महिने, ती बावीस इंचांची कड ओलांडून त्या गुळगुळीत तळावर उभी राहून बादलीनं अंघोळ करत होती. बसता येत नसे, कारण बसलं तर उठता येत नसे. पाय धुवायला वाकताना ती नळ धरायची. त्या दिवशी हात साबणाचे होते. माझी अंघोळ झाली, की मगच ती जायची. आणि मी बाहेर कुठं गेलो असलो तर आंटींना आधी सांगून ठेवायची. हे सगळं खाली ठाऊक होतं. वर ठाऊक नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तुम्ही कुठं विचारलंत?"

माणसांच्या मनाचा तळ गाठतो, असं माझ्या कादंब‍ऱ्यांविषयी एकदा छापून आलं होतं. ते कात्रण हिनंच जपून ठेवलं आहे.

सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं आणि दिवाळी आली. नरकचतुर्दशीला पाटावर बसायला हवं. पण टबाबाहेर पाट मांडण्याइतकी जमीनच मोरीत उरली नव्हती. स्वयंपाकघरात भांडी घासायची छोटी मोरी आहे. तिथं मी पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली. तेल लावलं, उटणं लावलं, दोन बादल्या पाणी विसणून तांब्यानं तिच्या खांद्यावर ओतलं. आई ओतायची तसं, मानेपासून सावकाश. पाणी दगडावरून वाहून गेलं. बाहेर मुलं कारीट फोडत होती. ती डोळे मिटून म्हणाली, "हं. आता अंघोळ झाल्यासारखी वाटली." आणि डोळे न उघडताच, "टब काढा."

तोच प्लंबर आला. टब अखंड निघणार नव्हता, मधोमध कापावा लागला. बसवायला जेवढे पैसे पडले त्याच्या निम्मे काढायला पडले. बँकेच्या भाषेत, खातं निर्लेखित केलं. आता मोरीत खडबडीत कोटा आहे, बसायला दगडी बैठक आहे, भिंतीला स्टीलचा दांडा आहे. तो हिनं फेब्रुवारीतच मागितला होता. किंमत साडेआठशे रुपये.

भंगारवाल्यानं ॲक्रिलिक घेतलं नाही. नळाकडचा अर्धा भाग आंटींनी मागून घेतला आणि ओसरीखाली ठेवून त्यात माती भरली. पाणी निचरायला भोक आयतंच होतं. परवा पाहिलं तर कढीपत्ता लागलाय आणि शेजारी मोगरा. रविवारी येणारी मुलं त्याचेही फोटो काढतात.

"टब चांगला आहे रे," आंटी म्हणाल्या. "तुझी मापं चुकली."