दाताच्या मुळावरील सिमेंटम
दाताची स्तुती होते ती बहुधा त्याच्या शुभ्र इनॅमलची. परंतु ज्याच्या आधाराने सबंध दात जबड्याच्या खोबणीत दृढ उभा राहतो, त्या मुळावरील सिमेंटम नामक पातळ, फिकट पिवळसर आवरणाची दखल फारशी कोणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मूळ आकार घेत असताना त्याभोवती हेर्टविग यांच्या नावाने ओळखले जाणारे पेशींचे वेष्टण असते. ते जागोजागी खंडित झाले, की भोवतालच्या पेशी उघड्या पडलेल्या डेंटिनला भिडतात, सिमेंटोब्लास्टचे रूप धारण करतात आणि प्रथम कोलॅजनचा पट विणून मग त्यात खनिजांचा संचय करवितात. दाताच्या मानेपाशी हा थर पेशीविरहित व जेमतेम २० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. मुळाच्या टोकाकडे मात्र तो कित्येक पटींनी जाड होतो व काही पेशी त्यातच कायमच्या बंदिस्त होऊन राहतात.

दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंची टोके, म्हणजेच शार्पीचे तंतू, याच थरात रुतलेली असतात. रक्तवाहिन्यांचा येथे अभाव आहे आणि हाडाच्या मानाने हा थर सहजी झिजत नाही. तारा लावून दात सरकविण्याची दंतवैद्यांची तजवीज सफल होते ती या भेदामुळेच.

विशेष हे, की हा थर आयुष्यभर थोडाथोडा वाढतच राहतो. अस्वलासारख्या वन्य पशूच्या दाताचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, ऋतुमानानुसार उमटलेल्या वलयांवरून अभ्यासक त्याच्या वयाचा दाखला मिळवितात.