करणे आणि होणे: इंग्रजी क्रियापदांची सोबत



आज ज्या अडचणीबद्दल बोलायचं आहे, ती व्याकरण पक्कं असलेल्यांनाही येते. काळ बरोबर असतो, वाक्याचा क्रम बरोबर असतो, शब्दही माहीत असतात. तरी समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "म्हणजे?" बहुतेक वेळा गडबड एकाच जागी असते. नाम किंवा विशेषण बरोबर निवडलेलं असतं, पण त्याच्यासोबत इंग्रजीत जे क्रियापद येतं ते सोडून आपण दुसरंच लावलेलं असतं.

इंग्रजी जरा बाजूला ठेवू आणि आधी आपली मराठी बघू. आपल्याला थंडी वाजते, भूक लागते, राग येतो आणि सर्दी होते. आपण शपथ घेतो, वचन देतो, मार खातो आणि फोटो काढतो. थंडी ही काही घंटा नाही, मग ती वाजते कशी? आपल्याला हा प्रश्न कधी पडतच नाही, कारण "थंडी वाजते" ही जोडी आपण लहानपणी एकत्रच ऐकली. हिंदीत हीच थंडी 'लगती' है. वस्तुस्थिती तीच, पण भाषा बदलली की क्रियापद बदललं. हिंदी मुलखात राहणाऱ्यांना हा बदल रोजचा आहे. एका भाषेतून दुसरीत जाताना तुम्ही क्रियापद आपोआप बदलता. इंग्रजीतही तेच करायचं आहे.

शब्दांच्या या सोबतीकडे परक्या देशात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसांचं लक्ष लवकर गेलं. हॅरल्ड पामर हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये काम करत होते. त्यांनी १९३३ साली टोकियोत अशा शब्दजोड्यांवर एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. पुढे जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात हा विचार भाषाशास्त्रात रुजवला. शब्दाचा अर्थ कळायला तो कोणाच्या सोबतीने येतो हे पाहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. हेच फर्थ तरुणपणी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते.

एकच शब्द, पाच वाक्यं

समजा, तुम्ही नव्या शहरात आहात आणि डॉक्टरांना मराठी येत नाही. आता 'कोल्ड' हा एकच शब्द घेऊ.

आय फील कोल्ड – मला थंडी वाजतेय.
आय हॅव अ कोल्ड – मला सर्दी झालीय.
आय कॉट अ कोल्ड – मला सर्दी झाली, म्हणजे ती लागली.
द टी हॅज गॉन कोल्ड – चहा गार झाला.
इट इज कोल्ड – हवा थंड आहे.

पहिलं वाक्य ऐकून डॉक्टर तुमचा ताप बघतील. दुसरं ऐकून नाक आणि घसा बघतील. फरक कशाने पडला? पहिल्या वाक्यात 'कोल्ड' हे विशेषण आहे, म्हणून त्याच्याआधी 'फील' आलं. दुसऱ्यात ते नाम आहे, म्हणून 'हॅव' आलं आणि मध्ये तो छोटासा 'अ' आला. हा 'अ' गाळू नका. पुढे नाम येतंय, हे ऐकणाऱ्याला तोच सांगतो.

आपलं 'होणे' इंग्रजीत कुठे कुठे जातं

मराठीत 'होणे' फार कामाचं. उशीर होतो, अंधार होतो, मुलगी डॉक्टर होते, माणूस गप्प होतो, केस पांढरे होतात. इंग्रजीत हे काम पाच-सहा क्रियापदांनी वाटून घेतलं आहे.

रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त चालतं ते 'गेट': गेट लेट, गेट वेट, गेट टायर्ड, गेट रेडी, गेट अँग्री. आधी स्थिती एक होती, आता दुसरी झाली, एवढंच ते सांगतं. म्हणून 'आय ॲम टायर्ड' म्हणजे मी दमलेला आहे आणि 'आय गेट टायर्ड' म्हणजे मी दमतो. जिने चढल्यावर दम लागतो हे सांगायचं असेल तर दुसरं वाक्य हवं.

नको असलेला बदल सांगताना बऱ्याचदा 'गो' येतं. दूध नासलं, द मिल्क वेंट बॅड. टक्कल पडलं, ही वेंट बॉल्ड. दृष्टी गेली, ही वेंट ब्लाइंड. काहीतरी बिघडलं, समथिंग वेंट राँग. रंग बदलला तर 'टर्न' शोभतं: द लीव्ह्ज टर्न्ड यलो. झोप लागणे, आजारी पडणे आणि एकदम गप्प होणे यांच्यासाठी 'फॉल' आहे: फॉल अस्लीप, फॉल इल, फॉल सायलेंट. आजारी 'पडणे' आणि 'फॉल' इल! इथे मात्र दोन्ही भाषांचं जमलं. स्वप्न खरं होतं तेव्हा 'कम' येतं: द ड्रीम केम ट्रू.

आता एक पक्का नियम लक्षात ठेवा. 'गेट'च्या पुढे विशेषण आलं तर अर्थ 'होणे'. पुढे नाम आलं तर अर्थ 'मिळणे' किंवा 'आणणे'. 'शी गॉट अँग्री' म्हणजे ती रागावली. पण 'शी गॉट अ डॉक्टर' म्हणजे ती डॉक्टर झाली नाही, तिने डॉक्टरांना आणलं किंवा तिला डॉक्टर मिळाले. डॉक्टर झाली म्हणायचं तर 'शी बिकेम अ डॉक्टर'. 'बिकम'ला विशेषण चालतं आणि नामही चालतं.

आणि 'करणे'?

'करणे'साठी 'मेक' आणि 'डू' यांतलं काय लावायचं, हा तुमच्याकडून नेहमी येणारा प्रश्न. ढोबळ खूण अशी: करण्यातून एखादी नवी गोष्ट तयार होत असेल तर 'मेक', आणि नेमून दिलेलं काम उरकायचं असेल तर 'डू'. मेक टी, मेक अ लिस्ट, मेक अ मिस्टेक, मेक अ नॉइज. चहा नव्हता, झाला. यादी नव्हती, झाली. चूकसुद्धा नव्हती, आपण केली म्हणून झाली! उलट डू द डिशेस, डू होमवर्क, डू एक्सरसाइज. भांडी आधीही होती, नंतरही आहेत. मात्र ही फक्त खूण आहे. 'डू डॅमेज' म्हणजे नुकसान करणे, तिथे ती लागू पडत नाही. अशा जोड्या सरळ पाठ करायच्या.

काही वेळा मराठीतलं क्रियापद तसंच्या तसं उचलून इंग्रजीत ठेवलं जातं. 'लक्ष देणे' म्हणून 'गिव्ह अटेन्शन' म्हटलं जातं, पण रोजच्या इंग्रजीत लक्षाचे जणू पैसे मोजतात: पे अटेन्शन. निर्णय आपण घेतो, इंग्रजीत तो बहुधा बनवतात: मेक अ डिसिजन. 'टेक अ डिसिजन' चुकीचं नाही, ब्रिटिश इंग्रजीत ते ऐकू येतं, पण 'मेक' सगळीकडे चालतं. आंघोळीचंही तसंच: ब्रिटिश बहुधा 'हॅव अ बाथ' म्हणतात, अमेरिकन 'टेक अ बाथ'.

सगळ्यात महागात पडू शकते ती परीक्षा. आपण परीक्षा 'देतो', म्हणून भारतभर 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणतात आणि इथे ते सगळ्यांना कळतं. पण परदेशातल्या मुलाखतीत हेच बोललात, तर समोरच्याला वाटू शकतं की तुम्ही शिक्षक आहात आणि तुम्ही मुलांची परीक्षा घेतली. कारण तिकडे परीक्षा 'देतो' तो शिक्षक, आणि विद्यार्थी ती 'घेतो': आय टुक द एक्झाम. आपल्या अगदी उलट. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्यांनी हे एक वाक्य आजच बदलून घ्यावं.

'चांगलं' या शब्दाची फसवणूक

ती चांगली गाते. भाजी चांगली लागते. मराठीत दोन्हीकडे 'चांगली'. इंग्रजीत मात्र 'शी सिंग्ज वेल', पण 'द फूड टेस्ट्स गुड'. गाणं ही तिची कृती आहे आणि ती कशी होते हे 'वेल' सांगतं. भाजी काही करत नाही, ती कशी आहे एवढंच आपण सांगतो, म्हणून विशेषण. लुक, साउंड, स्मेल, टेस्ट आणि फील ही पाचही क्रियापदं या अर्थाने आली की पुढे विशेषणच घेतात: यू लुक टायर्ड, दॅट साउंड्स नाइस.

वहीत काय लिहायचं

आजपासून वहीत सुटा शब्द लिहू नका. 'निर्णय म्हणजे डिसिजन' असं न लिहिता 'निर्णय घेणे म्हणजे मेक अ डिसिजन' असं लिहा. शंका आली तर कोशात क्रियापद शोधत बसू नका, नाम शोधा. अशा जोड्यांचा खास ऑक्सफर्ड कोलोकेशन्स कोश २००२ साली निघाला. त्यात 'डिसिजन' या नोंदीखाली त्याच्यासोबत येणारी क्रियापदं एकत्र सापडतात.

आता अभ्यास. खालची उत्तरं झाकून ही पाच वाक्यं मोठ्याने इंग्रजीत म्हणा. उशीर होतोय. बाळाला झोप लागली. आवाज करू नका. काळजी घ्या. त्याचा चेहरा लाल झाला.

उत्तरं: इट्स गेटिंग लेट. द बेबी फेल अस्लीप. डोंट मेक अ नॉइज. टेक केअर. हिज फेस टर्न्ड रेड.

पाचांपैकी तीन आली तरी छान. उरलेल्या दोन जोड्या वहीत उतरवा आणि आज दिवसभरात एकदा तरी कोणाशी बोलताना वापरा. वहीतली जोडी वापरल्याशिवाय तोंडात बसत नाही. पुढच्या भागात भेटू.