विश्लेषण : 'अतिरिक्त' ठरण्याआधीच राजीनामा द्यावा का? चिचगड परिसरातील गुरुजींपुढचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुका छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. चिचगड आणि भोवतालच्या जंगलपट्ट्यातील गावांत सरकारी पगाराची नोकरी म्हटली की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतात ते शाळेचे गुरुजी. त्याच गुरुजींच्या घरी सध्या एक प्रश्न घोळतो आहे. पट घटतो आहे, संच मान्यतेत पद जाईल अशी धास्ती आहे, त्यात टीईटीची टांगती तलवार आणि कामाचा कंटाळाही आलेला. मग काढून टाकण्याची वाट कशाला पाहायची, आपणच राजीनामा दिलेला काय वाईट? हा विचार मनात येणे साहजिक आहे. मात्र राजीनाम्याच्या एका ओळीने काय काय जाते, याचा हिशेब बहुतेकांनी मांडलेला नसतो.

'अतिरिक्त' म्हणजे बेकार का?

नाही, आणि सगळा गोंधळ इथेच आहे. खासगी कंपनीत कपात झाली की माणूस दुसऱ्या दिवशी घरी बसतो. अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम शिक्षक 'अतिरिक्त' ठरला, तर त्या शाळेतील त्याचे पद संपते. त्याची नोकरी त्याच दिवशी संपत नाही.

दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावरून संच मान्यता ठरते. आता त्यासाठी विद्यार्थ्यांचे आधारही वैध असावे लागते. मंजूर पदांपेक्षा शिक्षक जास्त असतील तर सेवाज्येष्ठतेच्या यादीतील कनिष्ठ शिक्षक अतिरिक्त ठरतो. जिल्हा परिषदेत त्याचे समायोजन जिल्ह्यातच दुसऱ्या शाळेत होते. खासगी अनुदानित शाळेत आधी त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, तिथे जागा नसेल तर जिल्ह्यातील अन्य शाळेत आणि गरज पडल्यास विभागात अन्यत्र पाठवले जाते. समायोजन होईपर्यंत वेतन मूळ शाळेतून निघते. ते थांबते ते समायोजनाच्या शाळेत रुजू व्हायला नकार दिला तर. नाराजीच्या भरात नेमके हेच अनेकांच्या हातून घडते.

थोडक्यात, चिचगडच्या शिक्षकासमोरचा खरा धोका पगार जाण्याचा कमी आणि गाव बदलण्याचा जास्त असतो. तोही लहान नाही. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार एकस्तर वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के, पण कमाल १,५०० रुपये, प्रोत्साहन भत्ता मिळतो. या क्षेत्राबाहेर बदली झाली की हा लाभ थांबतो आणि दर महिन्याला हातात येणारी रक्कम कमी होते. म्हाताऱ्या आई-वडिलांचे दुखणे, मुलांची शाळा, घरची धानशेती हे सगळे त्यावर वेगळेच.

मग भीती एवढी का वाढली?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक द्यावे लागतात. सहावी ते आठवीसाठी दर वर्गामागे किमान एक शिक्षक हवा. राज्याने १५ मार्च २०२४ रोजी संच मान्यतेचे निकष बदलले. विशेषतः उच्च प्राथमिक गटात २० पेक्षा कमी मुले असतील तर पदच टिकत नाही, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या १५ हजारांच्या आसपास सांगितली जाते. डोंगराळ, जंगलव्याप्त तालुक्यांत टोल्या-टोल्यांवर वस्ती विखुरलेली असते आणि तिथल्या शाळेचा पट कधीच भरभक्कम नव्हता. त्यामुळे मुंबई-पुण्यात कागदावरचा वाटणारा निकष देवरी तालुक्यात थेट एखाद्या शाळेच्या दारात येऊन उभा राहतो. २०२३ मध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळांचा प्रस्ताव आला होता. तेव्हापासून 'आपली शाळा राहणार का' ही शंका पालकांच्याही मनात आहे.

टीईटीच्या निकालाने कोणाची नोकरी जाऊ शकते?

इथे मात्र धास्तीला खरा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. हे प्रकरण महाराष्ट्रातीलच, अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला आहे त्यांनी निकालापासून दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना परीक्षेविना सेवेत राहता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे.

मुदतीत उत्तीर्ण न होणाऱ्यांना नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त केले जाईल. मात्र पात्र सेवा पूर्ण असेल तर त्यांना सेवेअंतीचे लाभ मिळतील, असेही निकालात म्हटले आहे. हे वाक्य राजीनाम्याच्या विचारात असलेल्यांनी दोनदा वाचावे. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला असे संरक्षण नाही.

परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि प्रमाणपत्र आजन्म चालते. पंचवीस वर्षे फळ्यासमोर घालवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणे अपमानास्पद वाटते, ही भावना समजण्यासारखी आहे. पण त्या अपमानापायी पेन्शन सोडणे हा सौदा महागाचा आहे.

नोकरी नकोशी झाली, ती कशामुळे?

या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे शोधले तर निर्णय निम्मा सोपा होतो. शिकवण्याचाच कंटाळा आलेले शिक्षक थोडे. बहुतेकांची तक्रार वेगळी असते. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसची माहिती, अपार क्रमांक, विद्यार्थ्यांच्या आधारातील चुका, व्हॉट्सॲपवर 'आजच पाठवा' असा आलेला तक्ता, आणि हे सगळे अशा गावातून जिथे नेटवर्कसाठी शाळेबाहेर रस्त्यावर जावे लागते. दोन शिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई करते. पण तक्ते आणि ॲप ही 'शाळेचीच कामे' ठरतात आणि कलम कागदावर राहते.

त्रास जागेचा किंवा सहकाऱ्यांचा असेल तर बदलीचा अर्ज हा उपाय आहे. थकव्याचा असेल तर रजा. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते आणि अनेकांच्या खात्यावर ती वर्षानुवर्षे पडून असते. असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजाही मागता येते. नोकरी सोडल्यावर घर कसे चालेल याची रंगीत तालीम त्या काळात होऊन जाते. झोप उडणे, रडू येणे, शाळेचा रस्ता नको वाटणे असे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर ते निव्वळ कंटाळ्याचे लक्षण नाही. त्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. अशा मनःस्थितीत राजीनाम्यावर सही न केलेली बरी.

राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यात फरक काय?

आकाश-पाताळाचा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ४६ नुसार राजीनाम्याने मागची सगळी सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. अपवाद एकच, रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या शासकीय नेमणुकीवर जाण्यासाठी दिलेला राजीनामा. याउलट नियम ६६ नुसार २० वर्षांची अर्हताकारी सेवा झालेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकतो आणि त्याचे निवृत्तिवेतन शाबूत राहते. बाहेर पडणे तेच, शाळा तीच, सही तीच. अर्जावरचा शब्द तेवढा वेगळा. एकोणीस वर्षे झालेल्या शिक्षकाने वैतागून राजीनामा द्यावा, यासारखे नुकसान नाही.

पण हा फायदा जुन्या पेन्शनवाल्यांचा. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांचा मामला निराळा आहे. ते राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत येतात. वयोमानानुसार निवृत्त होताना जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांचे वर्षासन घ्यावे लागते, बाकी हातात मिळते. मुदतीआधी बाहेर पडल्यास हे प्रमाण ८० टक्क्यांवर जाते. म्हणजे नोकरी सोडून त्या पैशांत दुकान टाकू, असा बेत असेल तर हातात पाचवा हिस्साच येईल. शिवाय ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने या कर्मचाऱ्यांनाही सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंबनिवृत्तिवेतनाचे छत्र मिळाले आहे. सेवा सोडली की ते छत्र मिटते.

समजा, एक शिक्षिका जुलै २००८ मध्ये जिल्हा परिषदेत लागली आणि आज ४४ वर्षांची आहे. तिची २० वर्षे जुलै २०२८ मध्ये पूर्ण होतील. टीईटीची मुदत त्याआधी, २०२७ च्या ऑगस्टअखेरीस संपते. तिच्यापुढचा प्रश्न 'राहू की सोडू' असा उरतच नाही, 'टीईटी कधी देऊ' असा होतो. ती उत्तीर्ण झाली तर ५८ व्या वर्षापर्यंतचा रस्ता मोकळा आणि सोडायचेच असेल तर ते तिच्या मर्जीने, तिच्या तारखेला. शिक्षणसेवक म्हणून काढलेली वर्षे कशी धरली आहेत, हे मात्र सेवापुस्तक उघडून पाहायला हवे.

बाहेर पडून करायचे काय?

चिचगडमध्ये याचे पहिले उत्तर शेती असते. तर धानाचाच हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. महिना ६० हजार पगार धरला तर वर्षाचे सात लाख २० हजार होतात. तेवढ्यासाठी ३०० क्विंटलहून अधिक धान आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर घालावा लागेल. एकरी १५ क्विंटल उतारा धरला तर २० एकर, आणि यात रोवणी, खत, मळणीचा खर्च अजून वजा केलेलाच नाही. खासगी शिकवणीचा पर्याय देवरी किंवा गोंदियात असेल, पण ज्या गावात पटच घटतो तिथे शिकवणीला मुले कुठून येणार?

परतीचे दारही अरुंद आहे. नवी शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून होते. त्यासाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. निवड झालीच तर पुन्हा शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६ हजार रुपये मानधन, तीन वर्षे.

शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज हा आणखी एक गुंता. हप्ता पगारातून कापला जातो आणि जामीनदार म्हणून शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्यांच्या सह्या असतात. कर्जदाराचा पगार बंद झाला की वसुली जामीनदारांकडे वळते. आपल्या राजीनाम्याची झळ दुसऱ्याच्या घरी पोहोचणार असेल तर त्याला आधी सांगणे हे साधे माणुसकीचे काम.

आश्रमशाळा आणि तासिकेवरचे शिक्षक?

त्यांची स्थिती पूर्णपणे वेगळी आहे. घड्याळी तासिका, रोजंदारी किंवा बाह्यस्रोतातून काम करणाऱ्यांना ना समायोजन, ना निवृत्तिवेतन. बाह्यस्रोत भरतीविरोधात आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचाऱ्यांनी २०२५ मध्ये नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयावर बिऱ्हाड आंदोलन केले, ते याच असुरक्षिततेतून. वर वर्णिलेले नुकसान त्यांना लागू होत नाही. चांगली संधी आली तर त्यांनी मागे वळून पाहण्याचे फारसे कारण नाही. फक्त अनुभव प्रमाणपत्र आणि थकीत मानधनाचा लेखी हिशेब हातात घेऊन निघावे.

सोडायचेच ठरले तर?

खासगी शाळांतील कायम शिक्षकाला तीन महिन्यांची, अस्थायी शिक्षकाला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. १९७७ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार राजीनामा दोन प्रतींत लिहून दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी जपून ठेवायची. ही किचकट वाटणारी तरतूद शिक्षकाच्याच बाजूने आहे. संस्थाचालकाने दालनात बसवून कोऱ्या कागदावर सही मागितली, तर ती देऊ नये. दबावाने सेवा संपवली गेल्यास शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांच्या आत अपील करता येते. दिलेला राजीनामा मंजूर होऊन अमलात येण्याआधी मागे घेता येतो. त्यासाठीचा अर्जही लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी अर्ज पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पाठवायचा असतो. तो देण्यापूर्वी तिथूनच सेवापुस्तकाची प्रत मागून घ्यावी. सेवेतील खंड, चुकलेली जन्मतारीख, न चढवलेली वेतनवाढ या त्रुटी नोकरीत असताना दुरुस्त करणे सोपे असते.