कवटीवरून चेहरा : एका पुनर्रचनेचे स्वरूप

खोपोलीहून पेणकडे जाणारा रस्ता खालापूर तालुक्याची सीमा ओलांडतो, त्यापुढे गागोदे हे गाव लागते. विनोबांचे जन्मग्राम म्हणून परिचित असलेले हे नाव २०१५ साली शीना बोरा प्रकरणामुळे वृत्तपत्रांत आले. मे २०१२ मध्ये येथील रानात जळालेले मानवी अवशेष सापडले होते. ते कोणाचे, हे तीन वर्षे उलगडले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अवशेष पुन्हा उकरण्यात आले, कवटीची प्रतिमा छायाचित्राशी जुळवून पाहण्यात आली व कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली. ओळख पटल्याचे तपासयंत्रणेने सांगितले. बचावपक्षाने ती मान्य केली नाही.

अशा प्रसंगी ‘कवटीवरून चेहरा काढला’ असे सैलपणे म्हटले जाते. वस्तुतः गागोदे येथील कवटीबाबत झाले ते अध्यारोपण होय. त्यात संशयित व्यक्तीचे छायाचित्र आधीच हाती असते. नेत्रकोटरे, नासारंध्र, दात व हनुवटी त्याच्याशी जुळतात की नाही, एवढेच पाहावयाचे असते. न जुळणे निर्णायक ठरू शकते. जुळणे तितके नव्हे. पुनर्रचनेत मात्र मृत व्यक्ती कोण याचा तर्कही नसतो. कवटीवरील ठरावीक बिंदूंवर मांसत्वचेच्या सरासरी जाडीइतक्या उंचीच्या खुंट्या बसवून त्यांवर माती अथवा संगणकीय थर चढवितात. १८९५ साली लाइपझिग येथे विल्हेल्म हिस याने शवांवर अशी जाडी मोजून योहान सेबास्टियन बाख याच्या मानलेल्या कवटीचा अभ्यास केला. त्याच्या हाती बाखची चित्रे होती, हे विसरता येत नाही.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ‘पुनर्रचना’ हा शब्द ऐकताच ताराचिन्ह आठवावे. ‘सात’, ‘सप्त’, लॅटिन ‘सेप्टेम’, ग्रीक ‘हेप्ता’ या अनेक साक्षीदारांवरून आपण मूळ रूप सिद्ध करतो आणि तरीही त्यापुढे तारा ठेवतो. कवटी ही एकटीच साक्षीदार. उरलेली माहिती इतर माणसांच्या सरासरीतून उसनी आणावी लागते. नाकाचा शेंडा, ओठांची ठेवण व कानाची पाळी यांविषयी हाड फारसे बोलत नाही. केशरचना व अंगाचा भरणा यांविषयी तर मुळीच नाही. नेमक्या याच गोष्टींवरून आपण परिचिताला ओळखतो! शिवाय युरोपीय शवांवर घेतलेली मापे कर्जतच्या ठाकराच्या किंवा कातकऱ्याच्या कवटीवर लावली, तर चेहरा नीटस दिसेल; पण तो कोणाचा?

तरीही ही पद्धती टाकाऊ नाही. सोस्यूरने १८७९ च्या प्रबंधात ज्ञात भाषांतून लुप्त झालेले ध्वनी केवळ तर्काने मांडले. १९२७ साली कुरिलोविचने हिटाइट भाषेतील ‘ह’सदृश ध्वनीत त्यांचा माग दाखविला. पुनर्रचित चेहराही असाच बाहेरून येणाऱ्या पुराव्याची वाट पाहतो. पावसाळा सरताच वीटभट्टीवर गेलेला मजूर परतलाच नाही, तर त्याचे छायाचित्र घरात असेलच असे नाही. तेथे अध्यारोपण कुंठित होते. डीएनए तपासणीलाही तुलनेसाठी कोणी आप्त लागतो, आणि तो शोधावयाचा कसा हाच प्रश्न असतो. एकाच कवटीवरून केलेली, केस व अंगलट यांत भिन्न अशी दोन-तीन रूपे गावोगावी दाखविली, तर त्यांपैकी एकावर कोणाची तरी नजर अडखळते. मग तो आप्त पोलीस ठाण्यात येतो, आणि त्याच्या रक्ताचा नमुना घेतला जातो.