लोणारची दोन वयं

लोणार सरोवराच्या काठावर उभं राहिलं की खाली हिरवट खारं पाणी, भोवती झाडी आणि जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचं वाटोळं विवर दिसतं. ते कसं झालं, हे आता पक्कं ठाऊक आहे. दख्खनच्या काळ्या कातळावर आकाशातून अशनी आदळला. पण कधी?

इथे मोठी गंमत आहे. त्या आघातात कातळ वितळून काच झाली आणि तिच्यात दोन घड्याळं सुरू झाली. पहिलं उजेडाचं. किरणोत्सारामुळे काच हळूहळू ऊर्जा साठवते आणि प्रयोगशाळेत तापवली की मंद चमकून ती सोडून देते. चमक जितकी जास्त, तितकं वय जास्त. १९९७ साली या घड्याळाने सांगितलं, सुमारे ५२ हजार वर्षं. दुसरं आरगॉन वायूचं. पोटॅशियमचे काही अणू फुटून आरगॉन साचत जातो. २०११ साली त्याने सांगितलं, सुमारे ५ लाख ७० हजार! म्हणजे दहापटींहून जास्त फरक. कातळातला जुना आरगॉन काचेत अडकून राहिला, की पाण्याने काच बदलून पहिलं घड्याळ मागे पडलं? वाद अजून मिटलेला नाही.

असाच पेच अख्ख्या विश्वाच्या प्रसरणाचा आहे. ३२.६ लाख प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका सेकंदाला किती किलोमीटर वेगाने लांब जाते? ठरावीक तालात उजळणारे सेफीड तारे आणि स्फोट पावणारे तारे यांच्या अंतरांवरून उत्तर येतं सुमारे ७३. महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेल्या आदिप्रकाशावरून येतं सुमारे ६७. फरक लोणारपेक्षा कितीतरी लहान, पण दोन्ही मापं इतकी काटेकोर की तो चूकभूल म्हणून सोडता येत नाही. जेम्स वेब दुर्बिणीने सेफीड पुन्हा तपासले, तरी ७३चा आकडा ढळला नाही.

मात्र ६७ हे थेट मोजलेलं नाही, हिशेबाने काढलेलं आहे. त्या हिशेबात कृष्णद्रव्य धरलेलं असतं. ते प्रकाश देत नाही, फक्त गुरुत्वाने जाणवतं आणि साध्या द्रव्याच्या पाचपट आहे. ते कशाचं बनलंय, हे कुणालाच माहीत नाही. चूक मोजणीत असेल, नाहीतर या गृहीतात.

लोणारचा निवाडा मात्र आपल्या पायाखालीच आहे. तिथे गेलात आणि काचेसारखा काळा खडा दिसला, तर डोळे भरून पाहा. खिशात घालू नका. ते घड्याळ अजून कुणीतरी वाचायचं आहे.