परिचय एका लेखिकेचा : लुईझ अर्ड्रिक

या अंकात आम्ही अमेरिकेच्या एका कादंबरीकार बाईंची ओळख करून देत आहोत. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या जवळच्या वाटतील.

लुईझ अर्ड्रिक यांचा जन्म १९५४ साली मिनेसोटा राज्यात झाला. बालपण नॉर्थ डकोटातील वॉपटन गावी गेले. आईकडून त्या ओजिब्वे या मूळ अमेरिकन जमातीच्या, वडील जर्मन वंशाचे. आई-वडील दोघेही शिक्षक. लहानगी लुईझ गोष्टी लिहायची आणि वडील गोष्टीमागे पाच सेंटचे नाणे हातावर ठेवायचे. (पालकांनी नोंद घ्यावी!)

पण खरी गोष्ट आहे ती आजोबांची. पॅट्रिक गोर्नो हे टर्टल माउंटन येथील जमातीचे अध्यक्ष. पोटासाठी मात्र ते घड्याळे व यंत्रे यांत लागणारे बारीक रत्नखडे घडवणाऱ्या कारखान्यात रात्रीचे पहारेकरी होते. १९५३ साली अमेरिकन संसदेने एक ठराव केला. भाषा मोठी गोड होती, जमातींना सरकारी देखरेखीतून 'मुक्त' करायचे! अर्थ असा, की जुन्या करारांनी दिलेले हक्क आणि जमिनीचे संरक्षण संपणार. यादीत टर्टल माउंटनचे नाव होते. आजोबांनी आपल्या लोकांना घेऊन लढा दिला, १९५४ मध्ये मंडळी वॉशिंग्टनला जाऊन साक्ष देऊन आली आणि जमात वाचली.

त्या काळात आजोबांनी लिहिलेली पत्रे कुटुंबाने जपली होती. त्यांच्या आधारे लुईझबाईंनी 'द नाइट वॉचमन' ही कादंबरी लिहिली. तिला २०२१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्यांची लिहिण्याची रीतही वेगळी. १९८४ च्या 'लव्ह मेडिसिन' या पहिल्या कादंबरीत एक निवेदक नाही. पारावर जसा प्रत्येक जण एकच घटना आपापल्या परीने सांगतो, तसे एकेक पात्र बोलते. खरे काय ते वाचकाने जुळवायचे. पहिल्या वाचनात नात्यागोत्यांचा गोंधळ उडतो, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. दुःखाच्या प्रसंगीही पात्रे थट्टा करतात, आणि ती खोटी वाटत नाही.

ओजिब्वे भाषा त्यांना घरातून पुरती मिळाली नाही. सरकारी निवासी शाळांनी कित्येक पिढ्या मुलांना ती बोलू दिली नव्हती. लुईझबाईंच्या कानावर पडली ती आजोबांची प्रार्थना. मोठेपणी त्या ही भाषा शिकू लागल्या. ती फार अवघड, क्रियापदांनी भरलेली. आपल्याकडे नामांना लिंगे तीन. तिथे भेद सजीव-निर्जीव असा. आणि दगड? तो सजीवांत!

मिनिॲपोलिस शहरात त्यांचे पुस्तकांचे छोटे दुकान आहे. मूळ अमेरिकन लेखकांची पुस्तके तिथे आवर्जून ठेवलेली असतात.